सात पाण्यांच्या हुसेनबी

हुसेनबी पिंजारी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा आल्या त्या डोक्यावर गादी घेऊन. भूकंपाला पंधरा दिवस झाले होते. किल्लारीच्या बाजूच्या गावांतलं विहिरींचं, बोअरचं पाणी तपासायला एक पथक लातुरात आलं होतं. आमचं कॉलेज बंदच होतं, म्हणून त्यांना रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिली. पथकातली माणसं व्हरांड्यात फरशीवर झोपायची. त्यांच्यासाठी डझनभर गाद्या मागवल्या होत्या.

गंजगोलाई बाजारपेठेच्या मागं ताहेर पिंजारी यांचं कापूस पिंजायचं दुकान. त्या महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या लोकांसाठी रजया भरता भरता त्यांना मान वर करायला सवड नव्हती. म्हणून गाद्या पोचवायला त्यांची बायको आली. बावीस वर्षांची, उंच, केसांत कापसाचे तंतू अडकलेली.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायचो. पथकाच्या चहा-जेवणाचं माझ्याकडं होतं, त्यामुळं हे सगळं माझ्यासमोरच घडलं. ओट्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग पडला होता आणि पथकातली रेणुका नावाची एक मुलगी त्या एकटीच धुवत होती. रेणुका मुखेडची. नुकतीच एम.एस्सी. झालेली. हुसेनबींनी गादी खाली ठेवली आणि जरा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही एकट्या किती धुणार? उद्यापासून मी येऊ का?"

"हे भांडी घासण्यासारखं नाही, आपा. शिकावं लागेल."

"मग शिकवा की. गादी भरायला बी शिकावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पथक चार महिने राहिलं आणि चारही महिने बाटल्या हुसेनबींनीच धुतल्या. पथक गेलं, रेणुका समुद्राच्या पाण्यावर संशोधन करायला गोव्याला गेली, आणि आमचे जुने परिचर निवृत्त झाले होते त्या जागी प्राचार्यांनी हुसेनबींना घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई प्रयोगशाळेत काय करणार, असं दोघं-तिघं बोलले. वर्षभरात तेच लोक आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत जंतुनाशक किती टाकायचं हे हुसेनबींना विचारायला लागले.

त्यांची शिस्त फार कडक होती. घर दुकानाच्या वरच होतं, सगळीकडं कापूस उडायचा. म्हणून त्या घरची साडी बाहेरच्या खोलीत बदलायच्या, डोक्याला फडकं घट्ट बांधायच्या, हातातल्या बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. काचेचं असो की प्लॅस्टिकचं, प्रत्येक भांडं साबणानंतर, आम्लानंतर सात वेळा पाण्यानं खळबळून काढायच्या. शेवटची तीन पाणी ऊर्ध्वपातित पाण्याची. पोरांनी नाव पाडलं, सात पाण्यांच्या हुसेनबी.

एकदा एका पोरानं विचारलं, "हुसेनबी, आठवं पाणी घातलं तर काय होतं?"

"आठव्याची गरज पडली म्हंजे पहिली सात मन लावून घातली न्हाईत," त्या म्हणाल्या आणि पुढचं भांडं उचललं.

मग आमच्या गावाचे दिवस पालटले. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकायला लागली. 'लातूर पॅटर्न' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज यायला लागला. नांदेड, परभणी, बीड, उदगीर, कुठकुठून पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या क्लासेससाठी ट्रंका घेऊन उतरायला लागली. गल्लोगल्ली वसतिगृहं झाली. ताहेरभाईंचं दुकान एवढं वाढलं की जूनमध्ये गाद्यांसाठी रांग लागायची. "भूकंपानं रजया भरायला लावल्या, आता परीक्षा गाद्या भरायला लावून राहिली," ते म्हणायचे.

पण प्रयोगशाळा ओस पडली. पोरांची नावं कॉलेजात आणि पोरं क्लासमध्ये. प्रात्यक्षिकाला तिसात चारजण यायचे. आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख मल्लिकार्जुन सर स्वतःच राजीनामा देऊन क्लास काढून बसले. चारशे मुलांची त्यांची एकेक तुकडी असायची. माणूस शिकवायचा छान, त्याबद्दल वाद नाही. हुसेनबींची मुलगी उजमा अकरावीत त्यांच्याच क्लासला जाऊ लागली. बुरेटची काचेची मोजनळी हातात न धरता ती टायट्रेशनची गणितं फटाफट सोडवायची.

या काळातही हुसेनबी दर आठवड्याला सगळी भांडी काढायच्या, धुवायच्या, पुन्हा लावायच्या. मी एकदा विचारलं, कुणी वापरत नाही तर कशाला?

"काच पडून राह्यली की धूळ चिकटून बसते, सर. मग लई जड जातं."

दोन हजार अकराच्या दिवाळीनंतर नव्या प्राचार्यांनी ठरवलं की प्रयोगशाळेच्या अर्ध्या भागात सराव परीक्षांचा हॉल करायचा. मोजमापं झाली. सुतार येऊन गेला. तो आठवडाभर हुसेनबी जेवणाचा डबाही न उघडता घरी परत न्यायच्या.

त्याच सुमारास रेणुकाचा मला फोन आला. ती आता गोव्यातल्या एका समुद्रविज्ञान संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिला एक छोटी परिषद घ्यायची होती. सोळा माणसं, तीन दिवस. विषय, समुद्रातल्या सूक्ष्म धातूंचं चक्र. मी म्हणालो, रेणुका, लातुरात प्यायला पाणी आठ दिवसांनी येतं, इथं तू समुद्र कुठून आणणार?

ती हसली आणि मग तिनं मला नीट समजावलं. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. सगळे मासे शेवटी त्यांच्यावर जगतात आणि आपण घेतो त्या हवेतला बराचसा प्राणवायूही त्याच तयार करतात. या वनस्पतींना माणसासारखंच लोह लागतं, जस्त लागतं. पण भर समुद्रात ते अगदी नावापुरतं असतं.

"नावापुरतं म्हणजे किती?"

"तुमच्या लातूरच्या भाषेत सांगते. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन हजार टँकर भरले, तर त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम लोखंड. जस्त काही ठिकाणी त्याहून कमी. ते जमिनीवरून जातं, नद्यांतून, वाऱ्यानं उडालेल्या धुळीतून. वनस्पती ते घेतात, मरतात, तळाशी जातात, खालचं पाणी कधीतरी वर येतं आणि त्याबरोबर हे धातूही पुन्हा वर येतात. हे सगळं चक्र मोजायचंय."

अडचण अशी होती की एकाच ठिकाणचं समुद्राचं पाणी चार प्रयोगशाळांना वाटून दिलं होतं आणि जस्ताचे आकडे चौघांचे चार आले होते. आता कुणाचं खरं मानायचं? चौघांपैकी कुणाच्याच घरी न जाता तिऱ्हाईत ठिकाणी बसून एकमेकांची पद्धत तपासायची, असं ठरलं होतं.

"आणि मला तिथं बाटल्या धुणारं माणूस माझ्या खात्रीचं पाहिजे," रेणुका म्हणाली. "आपा आहेत ना अजून?"

प्राचार्यांना गोव्याच्या संस्थेचं पत्र गेलं. सुताराचं काम पुढं ढकललं.

परिषद फेब्रुवारीत होती. हुसेनबींनी दहा दिवस आधीपासून काम सुरू केलं. गोव्याहून बाटल्या आल्या, त्या आम्लात भिजत घातल्या. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात पॉलिथिनच्या जाड कागदाचा तंबू उभारला, पंख्याला जाळी बसवली, जमीन दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं पुसली. घरी कापूस उडतो म्हणून ते दहा दिवस त्या आमच्याकडंच राहिल्या. माझ्या बायकोनं त्यांना पापड लाटायला बसवायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "ताई, ह्या दिवसांत पिठाला हात लावायचा न्हाई. माफ करा." मग दोघी नुसत्याच बोलत बसायच्या.

पाहुणे आले. विशाखापट्टणमचे दोघं, कोचीचे तिघं, चेन्नईचे, हैदराबादचे. नांदेडहून धम्मदीप एसटीनं आला, थर्मोकोलचं खोकं मांडीवर घेऊन. तो हिमायतनगरचा, आईवडील शेतात रोजानं जायचे. नांदेडच्या एका छोट्या प्रयोगशाळेत तो पीएच.डी. करत होता. चार आकड्यांपैकी सगळ्यांत मोठा आकडा त्याचा होता, इतरांच्या चौपट. त्याच्यावर तीन वर्षांची मेहनत उभी होती.

पहिला दिवस भाषणांत गेला. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण आवाज चढलेले कळत होते. कोचीचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ धम्मदीपकडं न बघता म्हणाले, की ज्या प्रयोगशाळेत ट्यूबलाइट नीट लागत नाही तिथले आकडे चर्चेला घ्यायचेच कशाला. धम्मदीप वहीत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. रेणुकानं सुटकेसएवढं एक यंत्र आणलं होतं. पद्धत सोपी होती. सगळ्यांना सारखंच अतिशुद्ध पाणी द्यायचं. प्रत्येकानं आपापल्या रीतीनं, बाटल्या सोडून बाकी आपापलं साहित्य वापरून ते गाळायचं, भरायचं, जणू समुद्राचंच पाणी आहे. मग त्यात जस्त किती आलं ते मोजायचं. पाण्यात मुळात काहीच नसल्यानं जे येईल ते माणसाच्या हातून आलेलं.

हुसेनबी तंबूच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकाला बाटल्या देत होत्या. विशाखापट्टणमचं काम स्वच्छ निघालं. चेन्नईचंही जवळपास तसंच. कोचीचा आकडा जरा चढा आला, तेव्हा ते ज्येष्ठ शास्त्रज्ञ चष्मा पुसायला लागले. शेवटी धम्मदीप आत गेला. त्याचं काम मी पॉलिथिनमधून पाहिलं. फार सावकाश, एकेक झाकण दोन बोटांनी उचलून. यंत्रानं आकडा दाखवला. पुन्हा चौपट.

धम्मदीप बाहेर आला, हातमोजे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि सरळ नळाकडं गेला.

चहाच्या वेळी हुसेनबी माझ्याजवळ आल्या. "सर, रेणुकाताईंना बोलवता का जरा? लोकांत न्हाई, इकडं."

रेणुका आली.

"ताई, त्या पोराची काही चूक न्हाई. मी सगळं बघितलं. माझ्यापेक्षा हलक्या हातानं करून राह्यला. पण मोजे काढले तवा त्याचे हात पांढरे होते. पीठ लागल्यावानी. बाकी कुणाचे तसे न्हाईत."

रेणुका जवळजवळ धावत कचऱ्याच्या डब्याकडं गेली. मोजे काढून उजेडात धरले. आतून भरपूर आणि बाहेरूनही थोडी पांढरी भुकटी होती. सहज चढावेत म्हणून दवाखान्याच्या मोज्यांत घालतात ती. धम्मदीपला विचारलं तर म्हणाला, नांदेडात औषधांच्या दुकानातून खोकं आणतो, गेल्या तीन वर्षांपासून तेच. प्रयोगशाळेचे खास मोजे त्याच्या विभागाला परवडत नव्हते.

एक नवा मोजा अतिशुद्ध पाण्यात बुडवला आणि ते पाणी यंत्राला दिलं. आकडा एवढा वर गेला की पडद्यावरची रेघ वरच्या टोकाला जाऊन कापली गेली.

"हे मी वाचलं होतं," रेणुका सगळ्यांसमोर म्हणाली. "पुस्तकात आहे हे. मोज्यांच्या भुकटीतून जस्त येतं. बिनभुकटीचे आणा असं मी पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, आणि सकाळपासून इथं उभी असून बघितलंही नाही. आपांनी बघितलं."

मग तिनं हुसेनबींना पुढं बोलावलं आणि बाटली कशी धुता ते सगळ्यांना सांगा म्हणाली. हुसेनबी पदर सावरत उभ्या राहिल्या. बोलल्या त्या आपल्या दखनी हिंदीत, मी इथं मराठीत सांगतो. साबण, आम्ल, सात पाणी, झाकण वेगळं, हे सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. मग त्या धम्मदीपकडं वळल्या. त्यांच्या सात पाण्यांचं कारण मला अठरा वर्षांनी त्या दिवशी कळलं.

"बाबा, भूकंपाच्या साली मी नवी होते. एक दिवस बाटल्या लई आल्या. प्लॅस्टिकचं टोपलं भरलेलं, म्हणून शेवटचं पाणी मी बादलीत घातलं. बादली होती जस्ताच्या पत्र्याची. बाटल्यांना आम्ल लागलेलं. मला काय ठाऊक. त्या बाटल्यांतून एका शेडवस्तीचं पाणी तपासलं, जस्त लई निघालं. बोअर बंद केलं. ज्यांची घरं पडली, माणसं गेली, त्या बायका आठ दिवस दोन कोसांवरून पाणी आणत होत्या."

हुसेनबींनी पदर पुन्हा सावरला आणि पुढं सांगितलं.

"रेणुकाताईंनी रिकामी बाटली तपासली तवा कळलं. मी म्हणाले, बादली मीच वापरली. ताईंसंगं जीपमधून गेले. तिथं पारूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला मारती. ती म्हणाली, बाई, तू सांगायला तरी आलीस. आता नीट कर. तवापासून मी नीट करून राह्यले. तू बी कर. मोजे बदल आणि पुन्हा कर."

धम्मदीप उठून उभा राहिला. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "हाव, आपा. आत्ताच करतो."

विशाखापट्टणमच्या बाईंनी आपल्या खोक्यातले मोजे त्याला दिले. त्यानं सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास आकडा आला. पहिल्या दोघांच्या बरोबरीचा, किंबहुना एक दशांश खालीच. कोचीचे ज्येष्ठ आपल्या जागेवरून उठले, त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, की काल मी जे बोललो ते चूक होतं. त्यांच्या स्वतःच्या आकड्यात चूक कुठं होती हे मात्र त्या परिषदेत सापडलं नाही. ते नळ्यांवर संशय घेऊन परत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मल्लिकार्जुन सर आले. मागं वीस-बावीस मुलं. उजमानं आदल्या रात्री आईकडून ऐकलेलं पहाटेच्या क्लासमध्ये सांगितलं होतं, आणि सरांना राहवलं नव्हतं. सोडून दिलेल्या प्रयोगशाळेच्या दारात ते जरा अवघडून उभे राहिले. हुसेनबींनी त्यांना तिथंच थांबवलं.

"सर, शर्टावर खडू हाय. ॲप्रन घालावं लागंल."

"घालतो," ते म्हणाले आणि मुकाट्यानं ॲप्रनची बटणं लावू लागले. त्यांच्या मुलांनी त्यांना एवढं आज्ञाधारक झालेलं कधी पाहिलं नसावं. ती खूश होऊन बघत होती.

रेणुकानं मुलांना यंत्र दाखवलं. एका मुलीनं विचारलं, इथली धूळ खरंच समुद्रापर्यंत जाते का? रेणुका म्हणाली, उन्हाळ्यात जमिनीवरचा वारा किती धूळ नेतो आणि त्यातलं लोखंड पाण्यात किती विरघळतं, हे अजून नीट कुणालाच माहीत नाही. त्यासाठीच तर ही खटपट. परीक्षेत उत्तर नसलेला प्रश्न ऐकायची त्या मुलांना सवय नव्हती. घंटा होऊन गेली तरी ती हलली नाहीत. उजमा तर तंबूच्या कागदाला नाक लावून उभी होती आणि तिची आई तिला दर दोन मिनिटांनी मागं ओढत होती.

निघताना मल्लिकार्जुन सर प्राचार्यांना भेटले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी त्यांच्या क्लासची एकेक तुकडी प्रात्यक्षिकाला कॉलेजात यायला लागली, आणि सुतार पुन्हा काही आला नाही.

रेणुकानं गोव्याला जाऊन एक प्रस्ताव पाठवला. जहाजावर न्यायच्या बाटल्या धुण्याचं काम लातूरच्या त्या कोपऱ्यात व्हावं. मंजुरीला दीड वर्ष लागलं. मंजुरी आली तेव्हा हुसेनबींनी आणखी दोन बायका हाताखाली घेतल्या. एक सिंधु, त्यांच्याच गल्लीतली. दुसरी मनतशा, जिनं आयुष्यभर शिवणकाम केलं होतं आणि जिच्या बोटांना बारीक कामाची सवय होती. पहिले तीन महिने त्या दोघींनी धुतलेली प्रत्येक बाटली हुसेनबी पुन्हा धुवायच्या. चौथ्या महिन्यात बंद केलं. नवीन बायकांना शिकवताना त्या आपल्या बादलीची गोष्ट सगळ्यात आधी सांगायच्या. आता ती सगळ्या कॉलेजाला पाठ आहे.

धम्मदीपनं तीन वर्षांचे जुने आकडे टाकून दिले आणि सगळं मोजमाप नव्यानं केलं. त्याला आणखी दोन वर्षं लागली. प्रबंधाच्या आरंभी ज्यांचे आभार मानलेत त्यांत त्याच्या आईवडिलांनंतरचं नाव हुसेनबी पिंजारी यांचं आहे. ते पान झेरॉक्स करून ताहेरभाईंनी दुकानात काचेखाली लावलं, गाद्यांच्या दरपत्रकाशेजारी. उजमाला मेडिकलला जागा मिळाली नाही. आठ दिवस ती रडली, मग आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली. आईच्या हाताखाली तिला बुरेट धरायला मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या हातून एक फुटली. तिनं घाबरून आईकडं बघितलं. हुसेनबींनी केरसुणी पुढं केली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी जहाज पहिल्यांदा लातूरच्या बाटल्या घेऊन अरबी समुद्रात गेलं. चाळीस दिवसांनी परत आलं तेव्हा रेणुकानं बंदरावरूनच फोन लावला. मी निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला कॉलेजात गेलो होतो, म्हणून स्पीकरवरचं बोलणं मला ऐकू आलं.

"आपा, बाटल्यांमुळं एकही नमुना वाया गेला नाही. एकही नाही. एवढं स्वच्छ काम या आधी आमचं कधीच झालं नव्हतं."

"बरं झालं," हुसेनबी म्हणाल्या. "बाटल्या परत पाठवताना झाकणं वेगळ्या पिशवीत बांधा. आणि लवकर पाठवा. सिंधु पुढच्या आठवड्यात लग्नाला मुखेडला जाऊन राह्यली, त्याच्या आधी मला भिजत घालायच्यात."